पू थनसियामांची बेस हलकी होते

आमच्याकडे वडीलधाऱ्या पुरुषाच्या नावाआधी 'पू' लावतात आणि बाईच्या नावाआधी 'पी'. पू थनसियामांच्या डाव्या खांद्यानं संप पुकारला तो अगदी ऐन वेळी. थिंगलुन वस्तीच्या चर्चला रविवारी पन्नास वर्षं पुरी होत होती, दुपारी मोठी उपासना ठरली होती, आणि चर्चच्या गायकवृंदात अडतीस वर्षं बेस गिटार वाजवणाऱ्या या माणसाला बुधवारी सकाळी शर्टाची बाही चढवायला बायकोला हाक मारावी लागली. डॉक्टरांनी खांदा वर-खाली करून पाहिला आणि सांगितलं, "या खांद्याला तीन किलोच्या वर काही टांगायचं नाही." पू थनसियामांची बेस पावणेपाच किलोची होती. जुन्या काळची, धड एका अखंड ओंडक्यातून कापलेलं. तिच्या धडानं नुसता दरवाजा अडवला तर चोर आत येणार नाही, अशी जड.

गुरुवारी गायकवृंदाचा म्होरक्या घरी आला. धुरावलेलं डुकराचं मटण दोनदा वाढून घेतलं, काळा चहा प्यायला आणि मग हळूच म्हणाला, "पू, खजिनदारांचा जावई आलाय. त्याच्याकडं पाच तारांची आहे."

"अडतीस वर्षं चार तारांत काय कमी पडलं रे?"

"कमी काहीच नाही पडलं. पण दीड तास सलग उभं राहायचंय."

"मी बसून वाजवीन."

"सगळे उभे आणि तुम्ही एकटे खुर्चीत? लोकांना वाटेल, पाहुणे म्हणून बोलावलंय."

हे मात्र पू थनसियामांना लागलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "रविवारी मी उभा राहिलेलो दिसलो नाही तर बोलव त्या जावयाला." म्होरक्या गेला. पू थनसियामा बराच वेळ खुंटीवरच्या बेसकडे बघत बसले. माणूस तसा साधा, बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला. उभ्या आयुष्यात लोकांनी मान वर करून पाहावं असं त्यांनी एकच काम केलं होतं, आणि ते या वस्तूच्या जोरावर.

त्यांची बायको पी नुनझिरी बड्या बाजारात भाजी विकायची. तिचं मत सरळ होतं. "प्रत्येक कार्यक्रमानंतर चार दिवस तुम्ही कण्हता आणि मी चरबी चोळते. शनिवारभर पडून राहा, मापुईचे बाबा. रविवारी बसून ऐका." त्यामुळे जे काही करायचं ते शनिवारी, ती बाजारात गेल्यावर, असं पू थनसियामांनी ठरवलं. खांदा सुधारत नाही, तर बेस सुधारायची. पाठीमागून लाकूड पोखरायचं, वरून पातळ फळीचं झाकण बसवायचं, पोटाला लागते ती कड तासून काढायची. दीड-पावणेदोन किलो उतरलं की काम झालं. आणि असं काम वस्तीत एकच माणूस करू शकत होता.

तो माणूस म्हणजे पू कापकिमा. यांच्याबद्दल आमच्या वस्तीत कुणीही आदरानंच बोलतं, आणि मीही तसंच बोलणार. दुकानात ते यंत्रावर कपाटं बनवतात, चारचौघांसारखी. पण वस्तीत कुणी गेलं की भिंतीवरचा जुना हातरंधा खाली येतो. शवपेटी ते यंत्रानं करत नाहीत. म्हणतात, "शेवटच्या घराला कुणाच्या तरी हाताची ऊब लागली पाहिजे." तरुण मंडळी फळ्या आणतात, खिळे मारतात, पण रंधा फक्त त्यांच्या हातात. त्याला एक लांब, दम घेतल्यासारखा आवाज आहे. चार घरं पलीकडे तो ऐकू आला की बायका चुलीवरचं भांडं उतरवतात आणि शाल खांद्यावर घेतात.

शनिवारी दहा वाजता पू कापकिमा हत्यारांची पेटी घेऊन आले. बेस हातात घेतली, उलटी केली, नखानं टकटक केलं, वास घेतला.

"कधी घेतली?"

"लग्नाच्या आदल्या वर्षी."

"असं लाकूड आता मिळत नाही. याला यंत्र लावायचं नाही." आणि त्यांनी पेटीतून हातरंधा काढला. यापेक्षा मोठा मान त्यांच्याकडे द्यायला नव्हता. पुढच्या सगळ्या घोटाळ्याला हा मानच कारणीभूत झाला.

तारा निघाल्या, चार स्क्रू काढून दांडी वेगळी झाली, वायरींचं गुंडाळं बशीत ठेवलं. अंगणातल्या बाकावर धड पालथं घालून पू कापकिमांनी पेन्सिलीनं रेघा मारल्या. गिरमिटानं भोकं पाडली आणि पटाशीनं आतलं लाकूड काढायला घेतलं. पाहत राहावं असं काम. मोगरीचा एक ठोका, एक ढलपी, आणि ढलपी पडेल तिथं कसलंही कुसळ नाही. पण ज्याची बेस आहे त्याला ते बघवेना. पहिली मोठी ढलपी पडली तसे पू थनसियामा पायरीवर जाऊन बसले आणि त्यांनी तोंड दोन्ही हातांत घेतलं. मग कड तासण्यासाठी पू कापकिमांनी रंधा चालवला.

शेजारच्या पी रोथांगी भात धूत होत्या. तो आवाज कानी पडला आणि त्यांचा हात पाण्यातच थांबला. खिडकीतून डोकावल्या. अंगणात पू कापकिमा, हातात तो रंधा. पायरीवर पू थनसियामा तोंड झाकून. आता या घरात पी दारकुंगी नावाच्या एकोणनव्वद वर्षांच्या आजीबाई होत्या, नुनझिरीची आई. मंगळवारपासून त्यांना खोकला होता आणि पी रोथांगींनीच आलं पाठवलं होतं. आणखी पाहायचं काय राहिलं? दारी जाऊन 'कोण गेलं' असं विचारणं आमच्याकडे फार वाईट. त्यांनी शाल घेतली आणि तडक वस्तीच्या युवक मंडळाचा चिटणीस मुआना याच्या घरी गेल्या.

"पी दारकुंगी गेल्या रे! पू कापकिमा कामालासुद्धा लागले, आणि तुम्हा पोरांना पत्ता नाही."

मुआनाला इतकी लाज वाटली की तो चप्पल न घालता कर्ण्याच्या खोलीकडे धावला. नाव मात्र त्यानं घेतलं नाही. घरच्यांनी सांगितल्याशिवाय नाव घ्यायचं नाही, एवढी शिस्त त्याच्यात होती. कर्ण्यावरून तो म्हणाला, "भावंडांनो, आपल्या वस्तीत दुःखद घटना घडली आहे. तरुणांनी फळ्या आणि हत्यारं घेऊन पू कापकिमा असतील तिथं जमावं."

अंगणात दोघांनी ते ऐकलं. पू थनसियामांनी टोपी काढली. "कोण गेलं असेल?"

"येतीलच मला न्यायला," पू कापकिमा म्हणाले आणि त्यांनी पटाशी खाली ठेवली. "सियामा, राग मानू नकोस. आधी ते काम."

"अरे पण उद्या दुपारी…"

"गेलेला माणूस उद्यापर्यंत थांबत नाही."

बेसचं धड अर्धवट पोखरलेलं, एक कड तासलेली, एक तशीच, आणि तिच्यावर पू कापकिमांनी फडकं टाकलं. तेवढ्यात बारा-पंधरा तरुण फळ्या घेऊन पायऱ्या उतरत आलेच. पू कापकिमांना वाटलं, हत्यारं इथं आहेत म्हणून पोरांनी फळ्या इथंच आणल्या, शहाणी आहेत. पू थनसियामांनाही तसंच वाटलं. ते उठून करवत शोधू लागले, तर दोघा तरुणांनी त्यांना दंडाला धरून पुन्हा पायरीवर बसवलं.

"पू, तुम्ही काही करायचं नाही. आम्ही आहोत ना."

"अरे, पण मला जमतं थोडंफार."

"आज नाही. आज तुम्ही फक्त बसायचं."

आमच्याकडे ही वागणूक ज्याच्या घरचं माणूस गेलंय त्यालाच मिळते. पू थनसियामांच्या ते ध्यानात आलं. म्हणजे गेलेलं माणूस आपल्या नात्यातलं आहे! आणि आपल्यालाच अजून ठाऊक नाही. आता विचारायचं तरी कसं? स्वतःच्या दुःखात स्वतःच चौकशी करायची? लोक काय म्हणतील, याला एवढंही माहीत नाही? त्यांनी मनातल्या मनात नातेवाईक मोजायला सुरुवात केली. चाम्फाईचे काका? पण ते तर परवाच फोनवर खदाखदा हसत होते. लुंगलेईची बहीण? तिचं गुडघ्याचं दुखणं, गुडघ्यानं कोण मरतं?

"माप काय?" पू कापकिमांनी विचारलं.

मुआना खाली मान घालून कुजबुजला, "लहानखुऱ्याच होत्या हो. चार फूट दहा."

लहानखुरी बाई! पू थनसियामांना खात्री पटली, लुंगलेईची बहीणच. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. लहानपणी तिच्या वाटचं अंडं त्यांनी एकदा खाल्लं होतं, ते आठवलं. पी रोथांगींनी पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "रडा. मोकळे व्हा. तुमच्यावर फार जीव होता त्यांचा." यामुळे ते आणखीच रडले.

तासाभरात घर भरलं. कुणी सरपण आणलं, कुणी साखर, कुणी चर्चमधली बाकं. चहाची तीन पातेली चढली. बायका बाहेरच्या खोलीत दाटीवाटीनं बसल्या. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. मुलगी नुनझिरी बाजारातून आल्याशिवाय ते कुणी उघडायचं नाही, असं सगळ्यांनी न बोलता ठरवून टाकलं. पी दारकुंगींनी सकाळी खोकल्याचं औषध घेऊन बजावलं होतं, "मला जेवायला उठवू नका." त्याप्रमाणे कुणी उठवत नव्हतं. ढोल आला, आणि शोकाची गाणी सुरू झाली.

बाराच्या सुमारास पी नुनझिरी पाठीवर रिकामी करंडी आणि तिच्यात तराजू-वजनं घेऊन पायऱ्या चढत आली. खालच्या वळणावरच कुणीतरी तिचे हात धरले होते, आणि कुणी काही बोललं नव्हतं. अंगणात पाऊल टाकलं तर समोर चार फूट दहा इंचांची शवपेटी. पायरीवर नवरा, डोळे सुजलेले. तिनं करंडी टाकली.

"आई गं!"

पू थनसियामा चमकले. आई? म्हणजे बहीण नव्हे, सासूबाई! आतल्या खोलीत! सकाळपासून आपण इथं लाकूड तासत बसलो, त्यांनी हाक मारली असेल, रंध्याच्या आवाजात ऐकू आली नसेल. "मी बाहेरच होतो गं," ते म्हणाले. "मी इथंच होतो. एकदाही आत डोकावलो नाही. मला माफ कर."

"सकाळी चांगला चहा प्यायली होती," म्हणत ती खाली बसली आणि जो टाहो फोडला तो वरच्या रस्त्यापर्यंत गेला.

बाहेरच्या खोलीत गाण्याचं चौथं कडवं चाललं होतं. आतल्या खोलीचं दार उघडलं. पी दारकुंगी बाहेर आल्या. मफलर नीट गुंडाळला, समोर बसलेल्या बाईला हातानं सरकवलं आणि ढोलाजवळच्या आपल्या नेहमीच्या जागी बसल्या. या बाईंनी गेली साठ वर्षं वस्तीतलं एकही शोकगीत चुकवलं नव्हतं.

"सूर एवढा चढा कशाला धरलाय?" त्या ढोलवाल्यावर खेकसल्या. "शोक करताय की शर्यत लावलीय? खाली घ्या!"

सूर खाली आला नाही, थांबलाच. ढोलवाल्याच्या हातातली काठी गळून पडली. एक बाई 'येशू' एवढंच म्हणाली.

"काय झालं? गा की. आणि गेलं कोण?" पी दारकुंगींनी आजूबाजूला पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले. "मला कुणी सांगतसुद्धा नाही. माझ्याच घरी गाणी, आणि मीच परकी? म्हातारी झाले म्हणून?"

नुनझिरी आत धावली आणि तिनं आईला अशी मिठी मारली की म्हातारीचा खोकला पुन्हा उसळला. अंगणातले तरुण हातोड्या घेऊन तसेच उभे. मग हळूहळू सगळ्यांच्या नजरा एकमेकांकडे वळल्या. मुआनानं पी रोथांगींकडे पाहिलं. पी रोथांगींनी पू कापकिमांकडे बोट दाखवलं. "यांचा रंधा ऐकला मी! यांचा तो रंधा!"

"मला सियामानं बोलावलं होतं," पू कापकिमा शांतपणे म्हणाले.

"कशाला?"

त्यांनी बाकावरचं फडकं उचललं.

खाली पोट फाडलेली बेस होती. पू थनसियामा उभे राहिले. चाळीस माणसं, तीन पातेली चहा, एक शवपेटी, आणि मेलेलं कुणीच नाही. असा अपराध वस्तीच्या इतिहासात कुणी केला नसेल. हसायला सुरुवात केली ती पी दारकुंगींनीच. त्या अंगणात येऊन पेटीभोवती एक चक्कर मारून आल्या, कडेवरून बोट फिरवलं, आणि म्हणाल्या, "कापकिमा, हात अजून चांगला आहे तुझा. ठेवा ही इथंच. मापाची आहे. तोवर तांदूळ ठेवीन." मग मात्र सगळं अंगण हसलं. मुआना कर्ण्यावर गेला. "भावंडांनो, मघाची सूचना मागं घेत आहोत. वस्तीत सर्व जण जिवंत आहेत. चहा तयार आहे, ज्यांना यायचं त्यांनी यावं." म्हणून आणखी वीस माणसं आली.

नुनझिरी मात्र हसत नव्हती. ती बेसपाशी उभी होती.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते. म्हणून असं? चोरून? भरल्या घरात सुतक आणून?"

पू थनसियामांनी मान खाली घातली. मग सगळ्यांसमोर म्हणाले, "उद्या मला उभं राहायचंय गं. एवढंच. दीड तास. पन्नास वर्षांतली अडतीस वर्षं मी त्या कोपऱ्यात उभा आहे. उद्या त्या कोपऱ्यात दुसरा कुणी उभा राहिला, तर मला ते बाकावर बसून बघवणार नाही."

नुनझिरीनं डोळे पुसले, पदर खोचावा तशी शाल कमरेला खोचली आणि तरुणांकडे वळली.

"लाकूडकामाला आलात ना? मग हात बांधून काय उभे? मापुईचे बाबा, तुम्ही आत जाऊन पडा. आई, यांच्या खांद्याला चरबी चोळ. उद्या उभं राहायचंय त्यांना."

आणि मग जे काम झालं ते बघायला मी होतो, याचा मला अभिमान वाटतो. एकानं पोटाकडची दुसरी कड कानशीनं घासली. दोघांनी पेटीच्या उरलेल्या फळीतून झाकण कापलं, इतकं पातळ की उजेड दिसावा. वायरिंग जोडायला बँकेत काम करणारा पोरगा धावत आला. पू कापकिमा मधे उभे राहून फक्त बोट दाखवायचे, आणि पटाशी मात्र स्वतः धरायचे. कुणी 'उशीर झाला' म्हणालं नाही, कुणी 'हे आमचं काम नव्हे' म्हणालं नाही. माणूस गेल्यावर जेवढ्या मनानं करतात तेवढ्याच मनानं माणूस असताना केलं. असं फार ठिकाणी होत नाही.

तीन वाजता बेस जोडून झाली. मुआनानं पट्टा गळ्यात घातला, हात सोडले, आणि दांडी धाडकन खाली गेली. वर उचलली, पुन्हा खाली.

"धड हलकं झालं, डोकं जड राहिलं," बँकेतला पोरगा म्हणाला. "वाजवणाऱ्याला सारखं डाव्या हातानं उचलून धरावं लागेल. डाव्या हातानं म्हणजे डाव्या खांद्यानं."

पू कापकिमांनी कपाळाला हात लावला. "माझ्या वस्तू आडव्या असतात रे. कुणी गळ्यात घालत नाही. मला काय ठाऊक?"

उपाय एकच होता, शेपटीकडे वजन घालायचं. आधी एक लाकडी ठोकळा घातला. दांडी खाली. मग लोखंडी नट-बोल्ट. खाली. कुणीतरी नुनझिरीच्या करंडीतलं अर्ध्या किलोचं वजन आणून पोकळीत बसवलं. दांडी थोडी थबकली आणि गेली. दुसरं अर्ध्या किलोचं बसवलं. मग शंभर ग्रॅमचं. आणि बेस पाण्याच्या हंड्यासारखी स्थिर राहिली. सगळ्यांनी 'हो!' म्हणून ओरडा केला. झाकण लावलं, स्क्रू आवळले, आणि मग पू कापकिमांच्या मनात आलं, आता हिचं वजन किती झालं?

तराजू होता, पण वजनं बेसच्या पोटात. म्हणून पू कापकिमांनी बेस नुनझिरीच्या हातात दिली. बड्या बाजारात सगळ्यांना ठाऊक आहे, ही बाई मुळ्याची जुडी हातात तोलून सांगते आणि तराजू तेच सांगतो. तीस वर्षांत पाच ग्रॅमची लबाडी नाही. तेवढ्यात पू थनसियामा खांदा चोळून घेऊन बाहेर आले. चरबीचा वास येत होता, आणि चेहऱ्यावर अशी आशा होती की बघणाऱ्यानं नजर दुसरीकडे वळवावी.

"किती भरली?" त्यांनी विचारलं.

नुनझिरीनं दोन्ही हातांवर बेस तोलली. हलली नाही. तिच्या हाताला कळलं होतं, आणि तिच्या चेहऱ्यावरून आम्हालाही कळलं. पावणेपाच. जितकी सकाळी होती तितकीच.

"तीन," ती म्हणाली. "तीनलाही थोडी कमीच."

पू कापकिमा हत्यारं पुसू लागले. मुआना आभाळाकडे पाहू लागला. आमच्या वस्तीत कुणाची कोंबडी हरवली तरी कर्ण्यावरून सांगतात. त्या दुपारी अंगणात साठ माणसं होती, आणि आजतागायत एकाच्याही तोंडून अवाक्षर फुटलेलं नाही.

"बघू," म्हणत पू थनसियामांनी पट्टा खांद्यावर घेतला. क्षणभर थांबले. मग त्यांचा चेहरा उजळला. "अरे! कापकिमा, काय हात आहे रे तुझा! पीस झालंय पीस!"

रविवारी चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. खजिनदारांचा जावई पाच तारांची गिटार पिशवीतच ठेवून तिसऱ्या रांगेत बसला होता. पू थनसियामा आपल्या कोपऱ्यात उभे होते. पोकळ केल्यामुळे की काय, बेसचा आवाज आणखी खोल झाला होता. बाकाखालून पायांत शिरायचा. दीड तासाचा कार्यक्रम दोन तासांचा झाला. ते बसले नाहीत, टेकले नाहीत, पट्टा एकदाही सरकवला नाही. नुनझिरी पूर्ण वेळ गाण्याच्या पुस्तकाकडे न बघता त्यांच्या डाव्या खांद्याकडे बघत होती. शेवटचं गाणं संपलं तेव्हा तिच्याच कपाळावर घाम होता.

बाहेर लोकांनी त्यांना घेरलं. पू थनसियामा ज्याला त्याला सांगत होते, "हलकी केली म्हणून जमलं. आता आणखी दहा वर्षं काळजी नाही." मग घरी निघाले. चर्चपासून त्यांच्या घरापर्यंत एकशे चाळीस पायऱ्या, उभा चढ.

"द्या इकडे," नुनझिरी म्हणाली.

"अगं राहू दे. हलकीच तर आहे."

"हलकी आहे म्हणूनच मागतेय. जड असती तर मागितली असती का?"

तिनं घरून मुद्दाम आणलेल्या करंडीत बेस उभी ठेवली, करंडीची पट्टी कपाळावर ओढली आणि पुढे चालू लागली. पू थनसियामा मोकळ्या हातांनी, गुणगुणत मागून येत होते. साठाव्या पायरीवर ती दम खायला थांबली आणि चपलेतला खडा काढतेय असं दाखवलं. खडा नव्हता.

"तू काल तीन म्हणालीस," खालून पू थनसियामा म्हणाले. "मला तर ती अडीचच वाटते. तुझा हात चुकला असेल."

नुनझिरीनं मागं वळून पाहिलं नाही. कपाळावरची पट्टी नीट केली आणि पुढच्या पायरीवर पाऊल ठेवलं.

"अडीचच असेल," ती म्हणाली. "हल्ली चुकतो माझा हात."